ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅम्पर व्हॅन घेऊन गोव्यातच फिरायचंय, मुक्काम कुठे करावा?

खांडेपारकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याजवळ राहतो. यंदा दसऱ्यानंतर कोल्हापूरचा मावसभाऊ त्याची कॅम्पर व्हॅन महिनाभर आमच्याकडे ठेवून जाणार आहे, फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली, आत चार-पाच जण झोपतात, छोटा ओटा, कॅसेट टॉयलेट (टाकी बाहेर काढून रिकामी करायचं), छतावर सोलार, एसी सगळं आहे. लांब केरळ-राजस्थान वगैरे काही करायचं नाही, मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत आणि मधल्या शनिवार-रविवारी गोव्यातच फिरायचं असं ठरवलंय. बाहेरचे लोक येऊन आपला गोवा बघून जातात आणि आम्ही इथले असून सांगे, सत्तरी, काणकोण या भागांत रात्र काढायची वेळच आली नाही कधी, कारण संध्याकाळी घरी परतता येतं ना, म्हणून राहणं होतच नाही.

आम्ही दोघं, दोन मुलं (एक चौथीत, एक आठवीत) आणि माझी आई, तिचे गुडघे दुखतात त्यामुळे जास्त चढ-उतार नको. मला विचारायचंय ते असं की रात्री गाडी लावायची कुठे, किनाऱ्यावर चालते का, दूधसागरला व्हॅन जाते का, आणि या दिवसांत नेमकं काय बघण्या-करण्यासारखं असतं, पाऊस सरल्यावरचं, जे डिसेंबरच्या गर्दीत मिळत नाही. भावाला कोल्हापूरहून कुठल्या घाटाने यायला सांगू तेही सांगा. कोणी व्हॅनने फिरलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

सत्तरीकार

भाऊ आधी एक सांगतो, किनारा डोक्यातून काढून टाका. व्हॅनची खरी मजा आत आहे, वाळपई, केरी, सावर्डे, मोले, नेत्रावळी या बाजूला. ऑक्टोबरात आमच्याकडे भात पिवळं झालेलं असतं, कापणी-मळणी चालू असते, सकाळी शेतावर धुकं आणि दुपारी कडक ऊन, नद्यांना अजून भरपूर पाणी असतं पण गढूळपणा गेलेला असतो, डोंगर पूर्ण हिरवे असतात. डिसेंबरात याल तर गवत वाळून पिवळं झालेलं दिसेल. हे जे मधले पाच-सहा आठवडे आहेत ना दसरा ते त्रिपुरारी पौर्णिमा, माझ्या मते वर्षातले सगळ्यात चांगले दिवस हेच, आणि व्हॅन असली की तुम्हाला पहाट आणि रात्र दोन्ही मिळतात, जी दिवसाच्या सहलीत कधीच मिळत नाही.

मुक्कामाचं म्हणाल तर आपल्याकडे व्हॅनसाठी वेगळे तळ असे नाहीत म्हणूनच धरून चला. कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग असलेली बरीच घरं आता पाहुणे ठेवतात, सावईवेरे, केरी, वाळपईच्या पट्ट्यात, त्यांना फोन करून सरळ विचारायचं की आम्हाला खोली नको, खळ्यात किंवा अंगणात गाडी लावायला जागा, एक नळ आणि एक प्लग द्या, दोन वेळचं जेवण तुमच्याकडेच घेऊ. याला सहसा कोणी नाही म्हणत नाही, जेवणाचे पैसे त्यांना मिळतात आणि तुम्हाला कुळागरातलं जेवण मिळतं. सुपारी पिकायला लागते त्या सुमारास, मिरीचे वेल, वेलची, जायफळ, पाटाचं पाणी, मुलांना एका सकाळीत पुस्तकाबाहेरचं कितीतरी कळेल. देवळांच्या अग्रशाळा (भाविकांना राहायच्या खोल्या) दुसरा पर्याय, पण तिथे कमिटीला आधी विचारा आणि आवारात मासळी शिजवू नका.

आणि गाडी माडाखाली लावायची नाही. सोलार पॅनेलवर एक नारळ पडला की संपलं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, दुपारनंतर ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडाटासह जोरात कोसळतो, वीज चमकत असेल तर गाडीच्या आत बसा, लोखंडी बॉडीत माणूस सुरक्षित असतो, पण उंच एकट्या झाडापासून गाडी लांब हवी. नदीच्या पात्रात किंवा ओहोळाच्या काठी सपाट जागा दिसली म्हणून रात्री लावायची नाही, वर घाटात पाऊस झाला की खाली तुम्हाला न कळता पाणी वाढतं. तिसवाडी, बार्देशात खाजनांच्या (खाडीलगतच्या सखल शेतांच्या) बांधावर तर गाडी घालूच नका, ते बांध मातीचे, शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेले, व्हॅनच्या वजनाने खचतात आणि मग खारं पाणी शेतात शिरतं.

आईंसाठी तांबडी सुर्ला नक्की. काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, कदंब काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं मानतात, गाडी लावून बागेतून सपाट थोडंसं चालायचं, बाजूला नदी वाहते. सकाळी आठच्या आत पोचा, दहानंतर बसेस येतात. नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळासमोरची बुडबुड्यांची तळी आहे, तळाशी गॅस सुटतो त्यामुळे पाण्यात सतत बुडबुडे येत असतात, मुलं तिथून हलणार नाहीत बघा.

आश्वे_मांद्रे

किनाऱ्याचं मी सांगतो कारण मी तिथलाच. वाळूवर गाडी नेणं बंद आहे, पकडली तर केस होते, आणि केस झाली नाही तरी ट्रॅव्हलरसारखं वजन वाळूत रुतलं की भरती यायच्या आत बाहेर काढणं कठीण. उघड्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं यालाही पर्यटनस्थळांवर बंदी आहे, २००१ चा कायदा आहे त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती करून एकट्याला २ हजार आणि ग्रुपला १० हजार दंड केला होता, त्यानंतर दंड आणखी वाढवलेत. म्हणजे किनाऱ्याजवळच्या पार्किंगमध्ये बाहेर शेगडी काढून बांगडे भाजायचे असं मनात असेल तर नको. शिजवायचं ते गाडीच्या आत किंवा कोणाच्या तरी खासगी जागेत.

आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येऊ लागतात. रात्री हेडलाइट, टॉर्च, मोठ्याने गाणी यामुळे मादी परत समुद्रात जाते. रात्र आत काढा आणि पहाटे किनाऱ्यावर चालायला या, मासेमारीबंदी ३१ जुलैला संपलेली असते त्यामुळे ऑक्टोबरात बांगडा, तारली, सुंगटं (कोळंबी) सगळं ताजं आणि बऱ्यापैकी स्वस्त असतं, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना बघायला मिळाली तर मुलांना हात लावू द्या दोरीला.

कुडचडे_गॅरेज

व्हॅन, टेम्पो, बस यांचंच काम करतो त्यामुळे गाडीच्या बाजूने लिहितो, थोडं लांबेल.

पहिलं कागद. भावाच्या आरसीवर गाडी कॅम्पर किंवा मोटार कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली आहे ना बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, पॅसेंजर म्हणून नोंद असलेल्या गाडीत आत पलंग आणि गॅस बसवलेला असेल तर चेकपोस्टला प्रश्न येतो आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी तेच कारण पुढे करते. भावाची स्वतःची गाडी आहे म्हणून ठीक, पण इतर वाचणाऱ्यांसाठी, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका, स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. लायसन्सचं टेन्शन नाही, एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ७५०० किलो एकूण वजनापर्यंतची गाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केलंय, ट्रॅव्हलर त्यात बसते.

घाट: कोल्हापूरहून आजरा-आंबोली-सावंतवाडी-पत्रादेवी हाच रस्ता सांगा. तिलारीच्या रामघाटाने गूगल मॅप जवळ दाखवेल पण तिथली वळणं आणि उतार अशा लांब आणि वरून जड गाडीसाठी नाहीत. चोर्ला बेळगावहून ठीक आहे पण रस्त्याची अवस्था दरवर्षी पावसाने बदलते, निघायच्या आदल्या दिवशी कोणाला तरी विचारा. आंबोलीत संध्याकाळी धुकं उतरतं म्हणून दिवसा उतरायला सांगा, उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, ब्रेकवर पाय दाबून धरून नाही.

उंची गॅरेजमध्ये टेपने मोजून घ्या आणि ड्रायव्हरसमोर कागदावर लिहून चिकटवा. छतावर एसी असेल तर साधारण ३ मीटर होते. गोव्यातल्या गावच्या रस्त्यांवर फणसा-आंब्याच्या फांद्या, खाली लोंबलेल्या वायरी, देवळांच्या कमानी हे सगळं त्याच उंचीवर असतं. वाड्यावर शिरायच्या आधी एकाने उतरून पुढे चालत जाऊन बघून यायचं, परत वळवायला जागा आहे का तेही.

वीज: सोलारवर पंखे, लाइट, छोटा फ्रिज, मोबाइल चालतो. एसी आणि इंडक्शन सोलारवर धरू नका, त्याला १६ अँपियरचा प्लग हवा, आणि जुन्या घरांत अर्थिंग आहे का ते टेस्टरने बघूनच वायर लावा. ऑक्टोबरात दिवसा ३२-३३ डिग्री आणि दमट, गाडी दुपारी उन्हात उभी राहिली की आतली भट्टी रात्री नऊपर्यंत निवत नाही, म्हणून दुपारची सावली कुठे पडते बघून लावा, संध्याकाळची नाही. छताचा एक्झॉस्ट फॅन आणि सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी, डास भरपूर असतात या दिवसांत.

गॅस: सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा आणि खालून हवा जाणारा हवा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, लीक अलार्म लावायचा तो खाली जमिनीजवळ. झोपताना रेग्युलेटर बंद.

टॉयलेट: कॅसेट १८-२० लिटरची असते, तुम्ही पाच जण म्हणजे दीड-दोन दिवस. रिकामी करायची ती कोणाच्या तरी घरच्या किंवा पेट्रोल पंपाच्या संडासात, विचारून. ओहोळात, काजूच्या बागेत, कुठेही ओतायची नाही. रासायनिक निळं औषध कमी वापरा, गावात सेप्टिक टाक्या असतात, त्यातले जंतू मरतात आणि मग टाकी तुंबते ती त्या घरवाल्याची. भांड्यांचं पाणीसुद्धा विहिरीपासून लांब.

अडई_आणि_कमळपक्षी

पक्ष्यांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. चोडणचं डॉ. सलीम अली अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं आहे, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून स्थलांतरित पक्षी उतरू लागतात आणि खारफुटीतून होडीने फिरणं आईंनाही जमेल, बसूनच असतं सगळं. भरतीला होडी आतल्या खाडीत शिरते, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यावर तुतारीसारखे चिखलपक्षी दिसतात, दोन्हीत वेगळी मजा, भरतीची वेळ बघून ठरवा. खंड्याचे तिथे अनेक प्रकार आहेत, पांढऱ्या कॉलरचा बघाच. रायबंदरहून फेरीबोटीत व्हॅन जाईल पण पूर्ण ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि लांब गाडीची मागची बाजू घासते, तेव्हा भरतीच्या वेळेचीच फेरी धरा.

करमळीचं तळं स्टेशनच्या बाजूलाच, पहाटे तिथे गाडीतच चहा करून खिडकीतून बघत बसता येतं, अडई, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी सगळे जवळ येतात कारण गाडीला ते घाबरत नाहीत, माणूस चालत आला की उडतात. व्हॅन म्हणजे पक्षी बघायला तयार आडोसा आहे आणि आठवीतल्या मुलाला दुर्बीण दिलीत तर तो तुम्हाला रोज पहाटे उठवेल.

मोले आणि बोंडला बाजूला याच दिवसांत फुलपाखरं प्रचंड असतात, ओलसर मातीवर थवेच्या थवे बसतात, ओढ्यावरून मलबार ट्री निम्फ कागदासारखं तरंगत जातं. आपला राज्यपक्षी लालकंठी बुलबुल तिथेच सापडेल. अभयारण्यात रात्री गाडी लावायला परवानगी लागते, नुसतं रस्त्याकडेला थांबू नका, गवे येतात आणि वन खात्याचे लोक उठवतातच. मोलेला पर्यटन महामंडळाचं दूधसागर रिसॉर्ट आहे, तिथे फोन करून आवारात गाडीसह राहता येईल का विचारा. बोंडला गुरुवारी बंद असतं.

खांडेपारकाठ

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, सौ.ने सगळं मोठ्याने वाचून आईला ऐकवलं. आरसीचं भावाला लगेच विचारलं, कॅम्पर म्हणूनच नोंद आहे. आईचं म्हणणं दिवाळीला घरीच राहायचं, मुलांचं म्हणणं नरकासुराचे पुतळे बघायला पणजीला व्हॅन घेऊन जायचं आणि रात्रभर तिथेच थांबायचं. काय करावं? आणि दूधसागरचं राहिलंच.

दिवाडची_सून

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजी, मडगाव, म्हापसा कुठेही व्हॅन आत घालू नका. नरकासुर रस्त्यावरच उभे असतात, रस्ते बंद करतात, डीजेच्या आवाजाने आईंना रात्रभर झोप लागणार नाही. त्यापेक्षा व्हॅन तुमच्या वाड्यावर राहू दे आणि मुलांना स्कूटरवरून फोंड्यातले नरकासुर दाखवून आणा, गावातल्या पोरांनी गवत-कागद भरून केलेला नरकासुर पहाटे जाळतात तो बघायला मिळणं हे शहरातल्या स्पर्धेपेक्षा खूप चांगलं, निदान मला तसं वाटतं. पहाटे अंघोळ, तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडायचं, आणि मग फोव (पोहे). दुधातले, ताकातले, रोसातले (गोड नारळाच्या रसातले), बटाट्याचे, कालवलेले, सोबत काळ्या वाटाण्याचं तोणक (रस्सेदार उसळ). आई म्हणतात ते बरोबर आहे, ती सकाळ घरचीच असावी, सून म्हणून पहिल्या दिवाळीला पाच घरचे फोव खाल्ले होते मी, अजून चव आठवते. फोव खाऊन नऊ वाजता व्हॅन काढा, त्या दिवशी रस्ते एकदम मोकळे असतात, दुपारपर्यंत नेत्रावळीला आरामात पोचाल.

तुळशीच्या लग्नाला मात्र व्हॅन कुठल्यातरी गावात असू दे. आपल्याकडे ती व्हडली (मोठी) दिवाळी, ऊस, आवळे, चिंचा लावून वृंदावन सजवतात, ज्यांच्या अंगणात गाडी लावाल त्यांच्या घरचंच लग्न तुमचं होऊन जाईल. आईंना गावातल्या बायकांत बसायला मिळेल.

आणि त्यानंतर त्रिपुरारी पौर्णिमा, साखळीजवळ विठ्ठलापूरला. वाळवंटी नदीत रात्री सजवलेल्या होड्या सोडतात, त्यांची स्पर्धा असते, त्रिपुरासुराचा वध होतो, पाण्यावर पणत्या. यासाठी तरी व्हॅन हवीच हवी कारण कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतो आणि मुलं पेंगायला लागली की थेट आत नेऊन झोपवता येतात.

कुळेचो_जीपवालो

दूधसागरला व्हॅन जात नाही. कुळेला स्टेशनजवळ लावायची, तिथून जीप घ्यायची, जंगलातून ओहोळ ओलांडत जाते, पाऊस संपून रस्ता झाला की ऑक्टोबरात जीप सुरू होतात, सुरू झाल्या का ते निघण्याआधी फोनवर विचारा. सुरुवातीच्या दिवसांत पाणी सगळ्यात जास्त, ३१० मीटरवरून चार टप्प्यांत पडतं. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येत असलं तरी. रेल्वेच्या रुळांवरून चालत जायला बंदी आहे, व्हिडिओ बघून कोणी सांगितलं तरी जाऊ नका, बोगद्यात गाडी आली की बाजूला व्हायला जागा नसते.

तुमच्या आईला जीपने नेऊ नका, धक्के जोरात बसतात आणि शेवटी दगडांवरून चालावं लागतं. तुमच्यापैकी एक जण आईसोबत व्हॅनमध्ये थांबला तर कुळेला वेळ चांगला जातो, सकाळी पोदेर (पाववाला) येतो, पोळी आणि उंडे हे पाव घ्या, चहा करा. जीपला शनिवार-रविवारी रांग असते, सुट्टीतला मधला वार धरा आणि सकाळी लवकर नंबर लावा.

खांडेपारकाठ

ठरलं मग. दिवाळीची सकाळ घरी, फोव खाऊन नेत्रावळी, मग मोले-कुळे मधल्या वारी, तुळशीच्या लग्नाला सावईवेऱ्याला सौ.च्या मावशीकडे अंगण आहे तिथे, तिला आत्ताच फोन केला तर म्हणते गाडी नाही आणलीत तरी या. करमळी आणि चोडण शनिवार-रविवारी. विठ्ठलापूरला गाडी कुठवर जाईल तेवढं कोणी सांगा, आईला जास्त चालवायचं नाही.

सत्तरीकार

त्या रात्री देवळापर्यंत गाडी नेता येणार नाही, गर्दी असते. दुपारी तीन-चारच्या आत पोचा, साखळीच्या बाजारात न शिरता बाहेरच मोकळ्या जागेत व्हॅन लावा, जागा कोणाची ते विचारून, आणि नाक बाहेरच्या रस्त्याकडे करून लावा म्हणजे रात्री निघताना मागे घ्यायला नको. आईंना तिथून रिक्षाने उजेड असतानाच देवळाकडे सोडा आणि नदीच्या बाजूला बसायची जागा धरून ठेवा, घडीची खुर्ची आणि शाल सोबत असू दे, नोव्हेंबरात नदीकाठी रात्री गारठतं. परत जाताना रिक्षा मिळणार नाही, रिक्षावाल्याचा नंबर घेऊन वेळ आधीच सांगून ठेवा.